लिंब वाळता वाळेना

माझं माहेर वडूजकडचं. तिकडं पाऊस कमी आणि जिभेला धार जास्त, असं आमचे हे लग्न झाल्यापासून म्हणत आलेत. खोटं नाही ते. मला मनात ठेवता येत नाही आणि ह्यांना मनातलं बोलता येत नाही, असाच आमचा संसार झाला. मी बोलायचं, त्यांनी “हूं” म्हणायचं. तेवढ्या “हूं”वर माझं भागत होतं. मुलगा गेला आणि ते “हूं”सुद्धा गेलं.

तासगावच्या अलीकडं आमची वस्ती. द्राक्षाची बाग, कडेला बेदाण्याचं शेड, समोर घर आणि घराला पत्र्याचं फाटक. दिवेलागणीला मुलगा मोटारसायकलवरून आला की फाटकावर किल्लीनं वाजवायचा, टक् टक्. हॉर्न वाजवला की मी भांडते हे त्याला पक्कं ठाऊक होतं. टक् टक् झालं की हे असतील तिथून ओरडायचे, “आलो रं!” आणि जाऊन कडी काढायचे. कडी बाहेरून हात घालून निघते, त्याला काढता येत होती. पण बाप काढतोय म्हणताना हा बाहेर ऐटीत उभा राहायचा. मी म्हणायची, “काय जावई आलाय व्हय रं, दार उघडायला?” तो हसायचा.

बेदाण्याचा हंगाम होता. द्राक्षं बुडवायचं तेल संपलं म्हणून ह्यांनी त्याला दिवस मावळताना तासगावला धाडलं. येताना रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती. मागं ना लाल दिवा, ना दगड. झालं ते एवढंच. “तुमीच धाडलं” असं ह्यांना कुणी म्हटलं नाही. मी एवढी तोंडाळ, पण मीही नाही. तरी ते त्यांना दिवसरात्र ऐकू येत असणार. त्या दिवसापासून ह्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. जेवायचे, बागेत जायचे, मजुरांना हातानं खुणा करायचे. मिरजेला नेऊन दाखवलं. घशात काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. घशात काही नाही हे मला काय माहीत नव्हतं?

बिनबोलत्या घरात राहून बघा म्हणजे कळेल. मी भांडी आपटायची, रेडिओ लावायची, मांजराशी बोलायची. दिवेलागणीला मात्र काही सुचायचं नाही. त्या वेळेला हे सोप्यात फाटकाकडं तोंड करून बसायचे. आणि खरं सांगते, माझेही कान तिकडंच असायचे. वाऱ्यानं पत्रा हलला तरी दोघांच्या माना एकदमच वळायच्या. मग आम्ही एकमेकांकडं बघायचं टाळायचो.

पुढच्या दिवाळीनंतर रस्ता रुंद करायला निघाला आणि फाटकासमोरचा कडुलिंब त्यात आला. त्या लिंबाच्या सावलीत मुलाची गाडी उभी असायची. लहान होता तेव्हा त्याच फांदीला दोर बांधून झोके घ्यायचा. आदल्या दिवशी मी जाऊन लिंबाला हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला आणि वरच्या साळुंक्यांना सांगितलं, “उद्यापास्नं दुसरीकडं बसा गं बायांनो.” आमच्याकडं असं सांगतात. न सांगता झाड पाडू नये.

झाड आमच्या हद्दीतलं, म्हणून लाकूड आमच्याकडं आलं. जळणवाला लगेच टेम्पो घेऊन दारात. हे आले आणि बुंध्यावर बसले. उठायचं नाव नाही. जळणवाला दोन विड्या ओढून निघून गेला. मग बुंधा वखारीत नेला आणि त्याच्या फळ्या काढून आणल्या. आमचा जुना सुतार बघायला आला. त्याला मी “काय करायचं ह्याचं?” म्हणून विचारलं, तर ह्यांनीच हात वर करून सोप्याच्या तुळईकडं दाखवलं. तिथं जुन्या झोपाळ्याच्या साखळ्या नुसत्याच लोंबत होत्या, फळी कधीच वाळवीनं खाल्ली होती. मुलगा सारखा म्हणायचा, “आई, ह्या कड्यास्नी एक फळी टाकू की.” टाकू टाकू म्हणता राहून गेलं ते राहूनच गेलं.

सुतार म्हणाला, “करू की झोपाळा. पर लाकूड वलं हाय वयनी. वरीसभर सावलीत रचून ठेवा, मग बघू.”

वरीसभर! अंगणात लांबच्या लांब ओल्या फळ्या आणि त्यांच्यावर बागेतलं पांढरं कापड. सकाळी दार उघडलं की पहिलं तेच दिसायचं. असं झाकलेलं अंगणात एकदा बघितलं होतं मी. रोज रोज मला ते बघवेना. तेव्हाच ठरवलं, हे लवकर वाळवायचं आणि अंगणातून उठवायचं.

मोबाइलवर शोधलं तर एक माणूस प्लॅस्टिकच्या खोपटात उन्हावर लाकूड वाळवताना दिसला. भाषा कळली नाही, पण खोपट कळलं. मी म्हटलं, अगं बाई, हे तर आपलं बेदाण्याचंच शेड! आयुष्यभर वाळवायचाच धंदा केला आम्ही. लाकूड काय चीज आहे?

लागले कामाला. विकत म्हणाल तर एक छोटा पंखा तेवढा आणला, बाकी सगळं घरातलंच. बेदाण्याच्या मोडक्या रॅकचे अँगल जोडून सांगाडा केला. पाठीमागची बाजू उंच आणि दक्षिणेकडची ठेंगणी, म्हणजे ऊन उतरत्या छपरावर सरळ पडावं. छपराला बागेवरचा जुना प्लॅस्टिक कागद दुहेरी ताणला. त्याच्या खाली हातभर जागा सोडून काळा रंग दिलेला पत्रा टाकला. ऊन कागदातून आत येतं, पत्रा तापतो आणि हवा गरम होते. कुंपणाच्या झटका मशीनच्या जुन्या सोलर पॅनेलवर पंखा जोडला, तो ती गरम हवा खाली फळ्यांतून ढकलायचा. पाठीमागच्या भिंतीला वर आणि खाली एकेक झरोका, ओल बाहेर जायला. दोन्हींना पत्र्याची झाकणं.

हे न बोलता मदतीला आले. तारा त्यांनीच आवळल्या. फळ्या एकावर एक रचताना प्रत्येक दोहोंच्या मध्ये आडव्या पट्ट्या घातल्या आणि त्या वरपासून खालपर्यंत एका ओळीत याव्यात म्हणून एक डोळा मिटून बघितलं. वाकू नयेत म्हणून वर दगड ठेवले. फळ्यांच्या टोकांना उरलेला ऑइलपेंट फासला, कारण टोकं आधी फुटतात. मला वाटलं, हात चालायला लागलेत, आता तोंडही चालेल. कामात मी मुद्दाम काहीतरी चुकीचं करायची, म्हणजे ते रागानं तरी काही म्हणतील. ते नीट करून ठेवायचे आणि पुढं जायचे.

आता चूक सांगते. ती आम्हा बेदाणेवाल्यांनीच करावी अशी आहे. बेदाण्याला आम्ही एका गोष्टीला भितो. ओल राहिली की मणी काळा पडतो. म्हणून वारा मोकळा ठेवायचा आणि पाणी लवकरात लवकर उडवायचं, हेच हाडामासात मुरलेलं. मी दोन्ही झरोके सताड उघडले, पंखा चालू केला आणि पाचसहा दिवस कडक ऊन खाऊ दिलं. फळ्या वरून कशा कोरड्या खडखडीत लागल्या! माझी मीच पाठ थोपटली.

त्या संध्याकाळी ऊन उतरलं. मी चुलीपाशी भाकरी थापत होते, हे सोप्यात बसले होते. आणि खोपटातून आवाज आला. टक्. मग थोड्या वेळानं पुन्हा, टक्.

“आलो रं!”

माझ्या हातातली भाकरी तव्याच्या बाहेर पडली. तो आवाज ह्यांचा होता. गंजलेला, पण ह्यांचाच. मी बाहेर धावले तर हे फाटकाकडं न जाता सरळ त्या खोपटाकडं गेले, दार उघडलं आणि आत वाकून बघत उभे राहिले.  देवा, एवढी मोठी मी बाई, तिथं जायचं धाडस झालं नाही माझं.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. त्यानं फळीवरच्या बारीक चिरा दाखवल्या आणि कपाळाला हात लावला. “वयनी, ह्यो काय बेदाणा हाय व्हय? बेदाणा सुरकुतून मोकळा हुतो. लाकडाला सुरकुतता येत न्हाई, त्ये फुटतं. भाइरनं वाळलं, आतनं वलंच हाय. त्येचाच आवाज. झरोकं मिटा, जराच फट ठेवा. लय कोरडं वाटलं तर वाईच पानी शिंपडा. आतली वल सरंपत्तूर वाजनारच, पुरतं वाळलं की गप बसतंय.” हे बाजूलाच बसून ऐकत होते.

म्हणजे भूत वगैरे काही नव्हतं. लाकूड फुटत होतं आणि थंड होताना पत्राही आवाज करत होता. मला सगळं पटलं. आणि तरी संध्याकाळी टक् झालं की मान फाटकाकडं वळायचीच. मुलाची खबरबात घेऊन कुणीतरी आल्यासारखा तो आवाज यायचा, अगदी त्याच्याच वेळेला. हे उठून खोपटापाशी जाऊन बसायचे. लांबून त्यांचे ओठ हलताना दिसायचे. माझ्याशी मात्र तोंड मिटलेलंच. जवळ गेले की गप्प.

शेजारी जाऊबाई राहतात. त्या म्हणाल्या, “धरलंय त्यास्नी. लिंबातनं आत आलंय पोरगं. देवऋषी बघ.” मी त्यांना फाडकन बोलले, “माझं पोरगं कुनाला धरायचं न्हाई, त्येला तसलं वळण न्हवतं!” बोलले खरी, पण त्यांनी सोडलेला किडा डोक्यात वळवळत राहिला.

फळ्यांबरोबर त्याच लाकडाचा एक तुकडा मी आत ठेवला होता. बाजाराच्या दिवशी सकाळी तो काढून बेदाण्याच्या काट्यावर ठेवायचा. वजन उतरलं म्हणजे पाणी चाललं. आधी उतरलं. मग उतरायचं थांबलं. मला वाटलं, थंडी आहे, ऊन मंद आहे. पुढच्या बाजाराला बघते तर वजन वाढलेलं! काटा झटकला, पुन्हा ठेवला, तेच. मोबाइलवाल्या माणसाच्या खोपटात असलं काही होत नव्हतं. कागद तपासला, कुठं फाटला नव्हता. पाऊस नाही, धुकं नाही. आणि आतली फळी हाताला गार, दमट.

जाऊबाई कानाशी पुटपुटल्या, “त्येला जायाचं न्हाई. म्हनून वाळंना.” ह्या खेपेला मला त्यांना बोलता आलं नाही. कारण मला भीती वाटलीच, आणि भीतीच्या खाली आनंदही झाला. नसेल जायचं त्याला. राहू दे की मग. असला विचार केला मी, आणि हात जोडून देवाची क्षमा मागितली.

त्या दिवशी बाजारातून परत यायला वडापची जीप लवकर मिळाली. मी मागच्या वाटेनं बागेतून आले. दिवस बुडायला आला होता. खोपटाचं दार उघडं आणि हे पाठीला फवारणीचा पंप लावून आत उभे. घडावर मारतात तसा हलक्या हातानं फळ्यांवर पाण्याचा फवारा मारत होते. आणि बोलत होते. मी बेदाण्याच्या शेडाच्या आडोशाला थबकले.

“...खालच्या वळीला भुरी आली हुती, मारलं आवशद. कुत्रं आज जेवलं न्हाई. तुझी आई बाजारला गेलीया. काल वांगं केलं हुतं, लय तिखट. म्या गपगुमान खाल्लं, न्हाईतर वडूज बोलतंय अर्धा घंटा. गुडघं दुखत्यात तिचं, पर सांगायची न्हाई. तू आसतास तर दवाखान्यात न्हेलं आसतंस...”

बाई बाई! माझे गुडघे ह्यांना माहीत होते. माझं वांगं, माझं तोंड, माझं रात्री उठून बसणं, सगळं ह्यांना माहीत होतं आणि ते सगळं रोज त्या लाकडाला सांगत होते. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. एका पाडलेल्या झाडावर मी जळले. इतकी मी जन्मात कुणावर जळले नव्हते.

पिशवी टाकली आणि गेले सरळ पुढं. “आवं, काय चाललंय ह्ये? पानी मारताय? आनि म्या खुळ्यागत काटा झटकत बसलीया!”

ह्यांनी पंपाचा दांडा सोडला. नळीतून थेंब पडत राहिले. माझ्याकडं न बघता म्हणाले, “वाळलं की गप बसंल त्ये.”

“आनि मी? मी काय मेलीया व्हय?”

  ह्यांनी पंप उतरवला, पाणी फाटकाबाहेर उरलेल्या लिंबाच्या खोडक्याजवळ ओतून दिलं आणि घरात गेले. माझ्याशी बोलले ते तेवढंच.

त्यानंतर त्यांनी पाणी मारलं नाही. काटा उतरायला लागला, आणि आता मला तो उतरायला नको झाला. आवाज कमी होत गेले. आधी दोनतीन यायचे, मग एखादाच. मग एका संध्याकाळी काहीच आलं नाही. हे खोपटापाशी बसून होते. अंधार पडत आला तसे उठले, खिशातून मुलाच्या गाडीची किल्ली काढली आणि झरोक्याच्या पत्र्याच्या झाकणावर वाजवली. टक् टक्. आणि कान देऊन थांबले.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हात पिठाचे. “आले” म्हणायला तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. हे उठून विहिरीकडं गेले तर कळावं म्हणून त्या रात्री मी तिकडच्या वाटेला लागून असलेल्या खोलीत अंथरूण घातलं आणि डोळ्याला डोळा लागू दिला नाही. हा माणूस आता हातचा जातो, एवढंच मनात होतं.

सुतारानं खोपट उघडलं. पुन्हा पुन्हा भिजून वाळून बहुतेक फळ्या चिरल्या होत्या. एकच तेवढी धड निघाली, तीही एका टोकाला चिरलेली. “एवढ्या चिरंनं काय हुत न्हाई,” म्हणून त्यानं तीच रंधली, भोकं पाडली आणि साखळ्यांना अडकवली. लिंबाचा कडवट वास सोप्याला भरून राहिला. अंगण मोकळं झालं. मला वाटलं होतं हलकं वाटेल. ते काही वाटलं नाही.

संध्याकाळी हे जाऊन झोपाळ्यावर बसले. हलक्या पायानं एक झोका घेतला. वर बघितलं. दुसरा घेतला. गुळगुळीत रंधलेली फळी, तेल घातलेल्या कड्या, आवाज कसला येतोय? त्यांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. आणि मला बघवत नसलं की मी भांडते. तरातरा गेले आणि म्हटलं, “सरका तिकडं. माझं गुडघं दुखत्यात, म्हाईत हाय न्हवं तुमास्नी?” आणि धपकन शेजारी बसले.

फळी आमच्या दोघांच्या भारानं वाकली. चिरलेलं टोक साखळीच्या कडीला घासलं. टक्. झोका मागं गेला. टक्.

हे काहीच बोलले नाहीत. मीसुद्धा बोलले नाही, म्हणजे बघा. अंधार पडेपर्यंत आम्ही तसेच बसलो.

दुसऱ्या दिवशी सुतार पैशाला आला तेव्हा त्यानं तो आवाज ऐकला आणि म्हणाला, “वयनी, चिरंवर एक पट्टी मारतो, आवाज बंद हुतोय.” मी म्हटलं, “हात तर लावून बघा!” तो बिचारा माझ्या तोंडाकडं बघतच राहिला.

त्याच संध्याकाळी मी गॅसवर दूध ठेवलं होतं. हे सोप्यात एकटेच झोपाळ्यावर बसले होते. झोका चालला होता, आवाज नव्हता. मग झोका थांबला.

“आगं,” सोप्यातून हाक आली. मला. नाव घेऊन नाही, आमच्यात घेत नाहीत, पण मलाच. “आगं, ये की हिकडं. एकट्यानं वाजत न्हाई त्ये.”

दूध वर आलं होतं. मी गॅस तसाच ठेवून पळत बाहेर गेले.